नोराच्या झग्यावरचे रातांबे

कतारला जाऊन आलेली माणसं हल्ली काचेच्या उंच इमारतींचे फोटो दाखवतात. मी गेले तेव्हा दोह्याला मोठी बोट लागेल असा धक्कासुद्धा नव्हता. बोट लांब समुद्रात उभी राहायची आणि माणसांना शिडीवरून खाली लाँचमध्ये उतरवायचे. त्यामुळे त्या देशाची पहिली ओळख व्हायची ती पायांना, तीही लटपटत्या पायांना. साठीचं दशक नुकतं लागलं होतं. माझं वय तेवीस आणि अक्कल त्याच्या निम्मी.

आमचे हे तिथे तेल कंपनीत स्टोअर-क्लार्क होते. दोन वर्षं साहेबाला पत्रं लिहून लिहून हे दमले, तेव्हा कुठे त्याने बायकोला एका हिवाळ्यापुरतं आणायची परवानगी दिली. मी निघाले. सामानात एक ट्रंक, आमसुलांचा मोठा डबा, शिवणाची पेटी, आणि रत्नागिरीच्या शिवणवर्गात पहिला नंबर आल्याचं सर्टिफिकेट. हे शेवटचं मी ट्रंकेत नव्हे, पर्समध्ये ठेवलं होतं. न जाणो, कतारच्या किनाऱ्यावर कुणी विचारलं तर!

बोटीतले दिवस सांगत नाही. त्यांतले बरेचसे मी बादलीत तोंड घालून काढले आणि बादलीचं वर्णन कुणी पैसे देऊन वाचू नये.

शिडी

परदेशात उतरायचं म्हणून मालतीबाईंनी, म्हणजे मीच ती, ठेवणीतली हिरवी इरकली साडी काढली आणि उंच टाचेच्या चपला घातल्या. शिडी दोरखंडाची, फळ्या ओल्या, खाली लाँच वरखाली होतेय. बाकीच्या बायका शहाण्या. अनवाणी, पदर खोचून, देवाचं नाव घेत उतरल्या. मी मधल्या फळीवर पोचले आणि माझी टाच फटीत अडकली.

पुढचं मला नीट आठवत नाही, कारण डोळे मिटलेले होते. एक किंकाळी आठवते. ती माझीच होती. आणि हाताला एक मान लागली ती आठवते. ती एका खलाशाची होती. बिचारा त्याच वेळी दोराने कुणाची तरी ट्रंक खाली सोडत होता. दोर धरावा की ही बाई, असा त्याला प्रश्न पडला असणार. त्याने मला धरलं.

ट्रंक धपकन समुद्रात गेली.

आकडी लावून ती वर काढली, तेव्हा तिच्या चारी कोपऱ्यांतून पाणी गळत होतं. मी तिच्याकडे पाठ करून समुद्रपक्षी बघत बसले. इतकी पक्ष्यांची आवड मला त्याआधी नव्हती आणि नंतरही नाही.

बंदरावर हे न्यायला आले होते. "अगं, कसली आरडाओरड झाली तिकडे?"

"कुणाची तरी ट्रंक पडली वाटतं," मी म्हटलं. कतारच्या भूमीवरचं माझं पहिलं वाक्य हे असं.

सूक वाकिफ

आमच्या दोन खोल्या सूकच्या, म्हणजे तिथल्या बाजाराच्या, मागच्या गल्लीत होत्या. भिंतीला भिंत लागून हलिमाभाभी राहायच्या. मूळच्या रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. त्यांच्या नवऱ्याचं सूकमध्ये कापडाचं दुकान होतं. मी आमसुलांचा डबा उघडला तर वास भिंतीपलीकडे गेला आणि भाभी डोक्यावरची ओढणी सावरत थेट स्वयंपाकघरात आल्या.

"आमसुला हायत ना गो? नाय म्हणू नको, माझा नाक खोटा बोलत नाय."

डब्यातलं एक उचलून त्यांनी तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आमच्या परसात कोकमाची दोन झाडं हायत. उन्हाळ्यात रातांब्यांनी नुसती लाल होतात." तेवढ्यावर आमची मैत्री झाली. संध्याकाळी त्यांच्याकडून सांदणं आली, नारळाच्या दुधासकट.

सकाळी आम्ही दोघी सूकमध्ये जायचो. मातीच्या भिंती, वर चटयांचं छप्पर, खाली मिरी, सुकी लिंबं, खजुराच्या पाट्या, ताज्या खबूस रोटीचा वास. मला वाटलं होतं, परक्या मुलखात आपण बावरून जाऊ. पण रुपया आपल्याच नावाचा, चहा आपल्यासारखाच गोडमिट्ट, आणि दुकानदार भावात घासाघीस करताना आपल्या मंडईतल्यासारखाच छातीवर हात ठेवून शपथा घेणारा. भाभी शांतपणे "खलास" म्हणून पाठ फिरवायच्या, की तो "यल्ला यल्ला, ये बाई" करत मागून यायचा. मीही एकदा "खलास" म्हणून ऐटीत पाठ फिरवली. माझ्या मागून कुणी आलं नाही. मलाच परत जावं लागलं.

तिथला हामूर नावाचा मासा म्हणजे आपल्या गोबऱ्याचा भाऊच. पहिल्यांदा आमसूल घालून त्याचं कालवण केलं, तेव्हा यांच्या ऑफिसातले दोघे जेवायला होते. एकाने सांभाळून काटा काढला. मी म्हटलं, "रत्नागिरीच्या माणसाला काटा लागत नाही हो!"

तो शब्द संपायच्या आत काटा माझ्या घशात होता.

दवाखाना

हॉस्पिटलात एका लालसर केसांच्या आयरिश नर्सने माझं तोंड उघडून, चिमटा घालून, काटा काढला. तिचं नाव नोरा. हिंदी ती वॉर्डातल्या माणसांकडून शिकलेली, त्यामुळे सगळे शब्द दुखण्याचे. "दर्द गया? बहुत अच्छा. रोना नहीं." मग तिची नजर माझ्या पोलक्याच्या बाहीवरच्या कशिद्यावर गेली.

"हे कुणी केलं?"

घसा दुखत होता, तरी हात पर्समध्ये गेला. सर्टिफिकेट बाहेर आलं. मराठीतलं ते सर्टिफिकेट तिने उलटसुलट करून आदराने पाहिलं आणि स्टुलावर बसली.

"माझं लग्न आहे तीन आठवड्यांनी," ती म्हणाली. "दुखानच्या तेल कंपनीच्या कॅम्पात. पाद्री बहारीनहून येणार, तो पुन्हा वसंतातच येईल, म्हणून तारीख हलत नाही. आईने झगा शिवून पाठवला होता. आयर्लंडहून मुंबईला, मुंबईहून इथे. आणि इथे, अगदी किनाऱ्याशी येऊन, ट्रंक समुद्रात पडली. खारं पाणी, गंज, सगळं कापड तपकिरी झालं."

माझा घसा पुन्हा दुखायला लागला.

"कशी... कशी पडली?"

"कोण जाणे," नोरा म्हणाली आणि चिमटा पुसत राहिली. "आमच्याकडे सीलकन्यांच्या गोष्टी असतात. सील प्राण्याच्या रूपात समुद्रातून येतात, ते कातडं काढून ठेवतात आणि बाई होऊन किनाऱ्यावर नाचतात. आजी असती तर म्हणाली असती, त्यांच्यातल्याच एकीला कपडा हवा असेल, नेऊ दे."

सीलकन्या समोर बसली होती, हिरव्या साडीत, घशात औषध घेऊन. खरं सांगायची तीच वेळ होती. मी काय म्हणाले? म्हणाले, "मी शिवते तुझा झगा."

हिल्डाबाईंचं मशीन

मशीन जर्मन इंजिनिअरच्या बायकोकडे होतं. तिचं नाव हिल्डा. उंच, काटक, आणि टाक्यांच्या बाबतीत आमच्या शिवणवर्गाच्या बाईंहून कडक. "मिसेस सुर्वे, हा टाका तिरका आहे." "मिसेस सुर्वे, टाचण्या तोंडात धरायच्या नाहीत." नवरीच्या डोक्यावरची पांढरी जाळी तिने स्वतःकडे घेतली. त्यांच्याकडच्या कथेत एक म्हातारी आभाळात आपली पिसांची गादी झटकते, ती पिसं म्हणजे खाली पडणारा बर्फ. तर जाळीवर ती पिसं टाचणार होती. बर्फ न पाहिलेल्या मला आणि भाभींना ती कथा सांगताना हिल्डाबाईंनी खरोखर उशी झटकून दाखवली. त्यानंतर आम्ही तिला घाबरलो नाही.

गळ्यापाशी नोराला तिच्या मुलखातली वेणी हवी होती. जुन्या दगडांवर कोरलेली असते म्हणे. एकच दोरी स्वतःखालून, स्वतःवरून जात राहते, गाठीतून गाठ निघते, सुरुवात नाही आणि शेवट नाही. तिने कागदावर काढायचा प्रयत्न केला. दोन तास झाले, दोरी कुठेतरी तुटायचीच.

मी कागद ओढला. ठिपके मांडले, नऊ ओळी, नऊ ठिपके. मग हात न उचलता ठिपक्यांना वळसे घालत गेले आणि जिथून निघाले तिथेच येऊन थांबले. लहानपणापासून अंगणात दुसरं केलंय काय!

नोरा बघतच राहिली. "तू आयर्लंडला कधी गेली होतीस?"

"रोज सकाळी," मी म्हटलं, "दारात सडा घातल्यावर."

खालच्या घेराची गंमत वेगळी. नवरामुलगा एरिक, नॉर्वेचा, तेलाच्या जहाजांवर इंजिनिअर. भिंतीत कपाट बसवावं तसा दारात मावेनासा. त्याला घेरावर सर्प हवा होता. त्यांच्या जुन्या कथांत समुद्राच्या तळाशी एक सर्प आहे, साऱ्या पृथ्वीला वेढा घालून, स्वतःचं शेपूट तोंडात धरून. शेपूट सुटलं की समुद्र खवळला आणि जग बुडालं.

"लगनाच्या कपड्यावर साप?" भाभींनी कानाला हात लावले. "तौबा! कुठली गो ही रीत?"

"आमच्याकडे शेष पृथ्वी डोक्यावर घेतो," मी म्हटलं. "यांचा कमरेला वेढा घालतो, एवढाच फरक."

"मेरी मां भी ऐसा सांप निकालती है," एरिकने मोडक्यातोडक्या हिंदीत भाभींना समजावलं. "स्वेटर पे." त्यावर भाभी इतक्या हसल्या की साप मंजूर झाला.

सॅटिन भाभींच्या दुकानातलं, ताग्याचा शेवटचा तुकडा. तसं दुसरं अख्ख्या सूकमध्ये नव्हतं. तीन आठवडे मी निळ्या-करड्या रेशमाने खवले भरत होते. मधल्या एका शुक्रवारी हे मला मुऐदरला घेऊन गेले, तिथल्या विहिरी आणि खजुरीची झाडं दाखवायला. मी झाडांच्या बुंध्यांचे खवले मोजत बसले. "अगं, जरा वर बघ, खजूर वर असतो," हे म्हणाले.

एक बोट

लग्न शुक्रवारी. गुरुवारी सकाळी सर्पाचं तोंड आणि शेपूट तेवढं जुळायचं राहिलं होतं, समोरच्या बाजूला वीतभर जागा. झगा खाटेवर पसरला होता. नुसता बघत राहावा असा. आंघोळ करून आले, त्याच्याकडे पाहिलं, मन भरून आलं आणि हात आपोआप देवापुढच्या करंड्याकडे गेला.

आमच्या घरात नवं कापड हळदकुंकवाचं बोट लावल्याशिवाय अंगावर चढत नाही. साडी असो, सदरा असो, माझी आई उशांच्या अभ्र्यांनाही लावायची. साडीला त्यासाठी कोपरा असतो. या झग्याला कोपरा कुठला? मी शोधलासुद्धा! नाही सापडला, तेव्हा समोरच, सर्पाच्या तोंडाशी, ओली हळद आणि त्यावर कुंकू, असं ठसठशीत बोट टेकवलं. वर नमस्कार केला.

दारात भाभी उभ्या होत्या. हातातलं भांडं तसंच.

"मालती, काय केलास गो?"

"शकुन केला, भाभी."

"शकुन केलास का सत्यानाश?"

तेव्हा मला दिसलं. पांढरंशुभ्र सॅटिन, आणि त्यावर पिवळालाल डाग.

मी साबण आणला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे लहान मूलही जाणतं. पहिला नंबर मिळवलेल्या बाईला ते आठवलं नाही. डाग लालभडक झाला आणि पसरला. भाभींनी लिंबू पिळलं. पुन्हा पिवळा झाला आणि आणखी पसरला. साबण, लिंबू, साबण. शेवटी हाताच्या तळव्याएवढा ठिपका त्या झग्यावर पुरणपोळीसारखा बसला.

मी जमिनीवर बसकण मारली आणि जे तीन आठवडे गिळलं होतं ते ओकून टाकलं. "भाभी, ती ट्रंकही मीच पाडली. नोराची. शिडीवर."

भाभींनी हातातलं लिंबू खाली ठेवलं.

"म्हणजे एकाच पोरीचे दोन झगे बुडवलेस?"

"हो."

"तिसरा शिवायला ती तुला हात लावू देल?"

आणि त्यांना हसू फुटलं. हसत हसतच त्यांनी मला उठवलं, तोंड धुवायला लावलं आणि आपल्या घरून सोलकढी आणली. म्हणाल्या, आधी पी, रडलेल्या डोळ्यांनी सुई ओवत नाहीत. मी वाटी तोंडाला लावली. गुलाबी कढी, तळाशी एक लालसर आमसूल. आणि मला त्यांच्या परसातली दोन झाडं दिसली.

"भाभी, तुमचे रातांबे झाडावर कसे लागतात? एकेक की घोसाने?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डागाकडे पाहिलं, आणि ओढणी सावरून उठल्या. "लाल रेशीम किती आणू?"

डाग झाकायचा नाही, त्याचीच फळं करायची. सात रातांबे, लालभडक, प्रत्येकावर उजेडाचा एक पांढरा टाका. लांबट हिरवी पानं, कोवळी पालवी किंचित तांबूस. देठ सर्पाच्या तोंडात आणि शेपटीचा वेढा देठाला. भाभी पानं भरत होत्या, मी फळं. "पान बारीक कर, आमच्या झाडाचा असा नसतो," म्हणून त्यांनी मला दोनदा उसवायला लावलं. ऊन उतरायच्या आत जग बुडायचं थांबलं होतं.

नोराला काय सांगायचं, ते मात्र सुचलं नव्हतं.

दुखानच्या वाटेवर

शुक्रवारी पहाटे कंपनीच्या पिकअपमधून निघालो. पुढे हे आणि ड्रायव्हर, मागे भाभी, हिल्डाबाई आणि मांडीवर झग्याचं खोकं घेतलेली मी. माझ्या उंच टाचेच्या चपला आदल्या रात्रीपासून सापडत नव्हत्या. भाभींनी लपवल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

दोन्ही बाजूंना नुसता खडकाळ, पिवळसर मुलूख. मध्येच एखादा उंट, मालकाशी भांडून निघाल्यासारखा एकटाच चाललेला. मला ते रखरखीत वाटेल असं वाटलं होतं. पण सूर्य वर आला तसं सगळं माळरान ताज्या भाजलेल्या भाकरीच्या रंगाचं झालं आणि मला भूक लागली. अर्ध्या वाटेत चाकं वाळूत रुतली. पुरुष फावडी शोधत होते, तोवर हिल्डाबाईंनी हॅट काढून ठेवली, बाह्या सरसावल्या आणि गाडी ढकलली. "मिसेस सुर्वे, तुम्ही खाली उतरायचं नाही. कशालाही हात लावायचा नाही."

कॅम्पातल्या एका खोलीत नोराने झगा घातला. आरशासमोर उभी राहिली. गळ्याच्या वेणीवरून बोट फिरवलं. मग खाली पाहिलं. वाकून रातांब्यांना हात लावला.

"हे तुला कुणी सांगितलं?" तिचा आवाज बदलला होता.

"नोरा, ऐक," मी सुरुवात केली.

"रोवनची फळं! आमच्या दारात होतं हे झाड. लाल फळं आली की आजी डहाळी तोडून, लाल दोऱ्याने बांधून गोठ्याच्या दारावर टांगायची, वाईट नजर आत येऊ नये म्हणून. एरिककडेही म्हणतात की मेघगर्जनेचा देव पुरात वाहून जात होता, त्याने हेच झाड धरलं आणि तो वाचला. मी तुला हे कधीच सांगितलं नव्हतं. तुला कसं कळलं?"

भाभींनी मला कोपराने ढोसलं. त्या ढोसण्याचा अर्थ होता, गप बस, देवाने वाचवलंय. खोटं बोलायची इतकी सुंदर संधी मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही. पण तीन आठवडे तिच्यासाठी खवले भरता भरता ती पोर मला बहिणीसारखी झाली होती.

"ते रोवन नाही," मी म्हटलं. "ते रातांबे आहेत. खाली डाग आहे. हळदकुंकवाचा. मीच लावला, तुझं भलं व्हावं म्हणून. आणि ती ट्रंक..."

"ट्रंक तू पाडलीस," नोरा म्हणाली.

मी तोंड उघडं ठेवून उभी राहिले. काटा काढायला आले होते तशीच.

"तू यायच्या आदल्या आठवड्यात एक खलाशी आला होता माझ्याकडे. मानेवर नखांचे पाच ओरखडे. मी पट्टी बांधत होते आणि तो सांगत होता: हिरवी साडी, उंच चप्पल, और इतना चिल्लाया, सिस्टर, इतना चिल्लाया! मग तू आलीस. मी 'ट्रंक' म्हटलं आणि तुझा चेहरा पाहिला."

"आणि तरी मला झगा शिवायला दिलास?"

"जिच्या मनाला लागलंय, तिच्याइतके बारीक टाके दुसरं कोण घालणार?"

त्यावर ती अशी हसत सुटली, की हिल्डाबाई ओरडल्या, "शिवणी! शिवणी उसवतील!"

लग्न छोटंसंच झालं. अंतरपाट नाही, मंगलाष्टकं नाहीत. नवरीने एका वयस्क डॉक्टरचा हात धरून चालत जायचं आणि मुलाने पाठ फिरवून उभं राहायचं, बस्स. डोळ्यांना पाणी मात्र आपल्याकडच्यासारखंच येतं. मी रुमालात गाठ मारून तांदूळ नेले होते, हळद न लावलेले. तेवढा शहाणपणा आला होता. टाकावेत की नाही या विचारात होते, तोच बाहेर पडताना सगळ्या गोऱ्या मंडळींनी पिशव्यांतून तांदूळ काढले आणि नवराबायकोवर उधळले. मग काय, मी आणि भाभींनी दोन्ही हातांनी अक्षता टाकल्या. जेवायला भात आणि मटण एकाच परातीत, कॅम्पातल्या अरबी आचाऱ्याने केलेलं. भाभींनी सोबत घेतलेला माझा आमसुलांचा डबा एरिकने एकेक मागून मागून संपवला.

पुन्हा शिडी

मार्चमध्ये ऊन चढायला लागलं आणि मी परत निघाले. पोचवायला सगळे लाँचमधून बोटीपर्यंत आले. हे, भाभी, हिल्डाबाई, नोरा, एरिक. माझ्या ट्रंकेच्या कडीला नोराने लाल रेशमाचा एक दोरा बांधला, नजर लागू नये म्हणून. भाभींनी माझ्या हातात कागदात बांधलेल्या उंच टाचेच्या चपला ठेवल्या. "घरी पोचलीस की घाल," म्हणाल्या.

शिडीशी तोच खलाशी उभा होता. त्याने मला ओळखलं आणि हळूच कॉलर वर केली.

मी पदर खोचला, अनवाणी पाय फळीवर ठेवला. तेवढ्यात मागून नोराचा आवाज आला, वॉर्डात देतात तसा खणखणीत, तिच्या त्या दुखण्याच्या हिंदीत:

"रुको! पहले सब का सामान ऊपर जाएगा. फिर ये बाई."